अत्यावश्यक सेवांची यादी करणाऱ्यांना

महोदय,

मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, तुम्ही अत्यावश्यक सेवांची यादी केलीत. दूध, किराणा, औषधं, दवाखाने. माझ्या मुलाची थेरपी त्यात कुठे बसते, हे तेव्हा कोणी सांगू शकलं नाही आणि आजवर कोणी सांगितलेलं नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही पायांचे स्नायू कडक. त्याची फिजिओथेरपी विशेष शाळेत चालायची, त्यामुळे शाळेला टाळं लागलं तशी तीही थांबली. रुग्णालयातला थेरपी विभाग बंद, लोकल बंद. रिक्षाने निघालो तर नाक्यावर विचारलं, "पोराला ताप आहे का? नाही ना? मग घरी बसा." त्या हवालदारावर माझा राग नाही. त्याला जे सांगून उभं केलं होतं, तेच तो बोलला.

या मुलांची हाडं वाढतात, कडक स्नायू मात्र त्या वेगाने लांबत नाहीत. रोज ताण देऊन, स्टँडिंग फ्रेममध्ये उभं करून, स्प्लिंट घालून ते जपावे लागतात. त्या उन्हाळ्यात माझं पोर भराभर उंच झालं. शेजारणी कौतुकाने म्हणायच्या, "केवढा वाढला गं!" आणि माझ्या पोटात गोळा यायचा. पावसाळ्यात स्प्लिंट तोकडे पडले, कातडीत रुतू लागले. नवं माप घेणारा कारागीर गावी गेलेला. हळूहळू टाच जमिनीला टेकेनाशी झाली. फिजिओताई व्हिडिओ कॉलवर जीव तोडून शिकवायच्या. पण स्नायू किती ओढ देतोय ते त्यांच्या बोटांना कळायचं, फोनवरून कसं कळणार? एका हाताने गुडघा दाबायचा, दुसऱ्याने पाऊल वळवायचं, मग फोन धरायचा कोणी? आणि ज्या घरात एकच फोन, तोही बापाच्या खिशात, तिथे एवढंसुद्धा झालं नाही.

४ मेपासून दारूची दुकानं उघडू लागली. २८ जूनला सलून उघडली. त्यांचीही पोटं होती, मी समजू शकते. पण २५ ऑक्टोबरला, दसऱ्याला, जिम उघडल्या तेव्हा मला रडू आवरेना. धडधाकट माणसाच्या व्यायामाची निकड तुम्हाला कळली. ज्याचा व्यायाम हेच औषध, त्याची कळली नाही. विशेष शाळा तेव्हाही बंदच होत्या.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ८ आपत्तीतही समान संरक्षण द्यायला सांगतं. मार्चअखेर केंद्राने दिव्यांगांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या होत्या. आमच्या नाक्यावर त्या कोणाला ठाऊक नव्हत्या.

पुढे मुलाच्या टाचेमागची शीर लांब करण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टर म्हणाले, थेरपी चालू असती तरी ती कदाचित लागलीच असती. लागली असती की नसती, हे आता कोणालाच ठरवता येणार नाही. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

पुढच्या यादीत मुलांची पुनर्वसन थेरपी उपचारांच्या रकान्यात लिहा, मग ती शाळेत चालो की रुग्णालयात. स्प्लिंट बनवणाऱ्यांचं काम त्यात धरा. मुलासोबत एका पालकाच्या प्रवासाची परवानगी त्याच आदेशात द्या. हे करणार की नाही, ते लेखी कळवा.

कळावे,
सीपी असलेल्या मुलाची आई