गाणी लागतात, पण ब्रेक लागतो का?

सहलीची बस ठरवायला चार जण जातात, तेव्हा प्रश्न ठरलेले असतात. भाडं किती? सीट पुशबॅक आहेत का? साउंड सिस्टीम कशी आहे? घासाघीस करून दोन हजार कमी झाले, की मोहीम फत्ते! ‘ब्रेकच्या टाकीतलं पाणी शेवटचं कधी काढलं?’ असं मात्र कुणी विचारत नाही. कसं विचारणार? ब्रेकच्या टाकीत पाणी साचतं, हेच बहुतेकांना माहीत नसतं.

आपल्या बाइकचा किंवा कारचा ब्रेक केबलवर किंवा ऑइलवर चालतो. मोठ्या बस आणि ट्रकचा ब्रेक चालतो हवेवर. इंजिनावर फिरणारा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो आणि टाक्यांमध्ये दाबून भरतो. ड्रायव्हरने पायडलवर पाय दिला, की ती हवा चाकाजवळच्या चेंबरमधल्या रबरी पडद्याला ढकलते, पडदा दांड्याला ढकलतो आणि लायनर ड्रमवर घट्ट बसतात. एसटी स्टँडवर थांबताना ‘फुस्स’ असा आवाज येतो ना, तो याच हवेचा.

पण हवेबरोबर बाष्पही आत येतं. दाबलेली हवा थंड झाली, की त्याचं पाणी होतं. गडचिरोलीच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. त्यात कॉम्प्रेसरचं थोडं ऑइल मिसळतं आणि टाकीच्या तळाशी चिकट गाळ बसतो. टाकी गंजते, व्हॉल्व्ह अडकतात, हवेची जागा पाणी घेतं. यावर उपाय काय? टाकीखालचा छोटा कॉक उघडून पाणी सोडून द्यायचं आणि एअर ड्रायर असेल तर त्याचं कार्ट्रिज वेळेवर बदलायचं. काम काही मिनिटांचं. पण ते केलं काय, न केलं काय, त्या दिवशी कुणालाच फरक दिसत नाही. म्हणून राहून जातं.

मग एक दिवस बातमी येते, ‘ब्रेक फेल झाल्याने...’ जणू वीजच कोसळली! खरं तर एअर ब्रेकची रचनाच अशी आहे, की तो आधी सांगतो. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकी तंत्रज्ञाने १८६९ मध्ये रेल्वेसाठी एअर ब्रेक आणला. त्यात नळी फुटली, की ब्रेकच गायब व्हायचा. १८७२ मध्ये त्याने गणित उलटं केलं: हवा गेली, तर ब्रेक आपोआप लागावा. आजच्या बसच्या पार्किंग ब्रेकमागेही हाच विचार आहे. आतली दणकट स्प्रिंग हवेने मागे रेटून धरलेली असते. हवा संपली, की स्प्रिंग चाक जखडते. त्याच्याही आधी दाब घटल्याचा बझर वाजतो, काटा खाली येतो, कुठेतरी सूऽऽ असा आवाज येत असतो.

मात्र काटा सगळंच सांगत नाही. लायनर झिजले, की चेंबरच्या दांड्याला जास्त लांब ढकलावं लागतं. हे अंतर स्लॅक अ‍ॅडजस्टर जुळवून ठेवतो. तो बिघडला, तर काटा पूर्ण दाब दाखवतो आणि चाकाला मात्र पुरेशी पकड मिळत नाही. सपाट रस्त्यावर चालून जातं. पण कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना लागणाऱ्या बेडगावच्या घाटात, किंवा सुरजागडच्या डोंगरावरून लोहखनिज भरून उतरणाऱ्या ट्रकला, ते चालत नाही. ड्रम तापतात, पकड आणखी कमी होते. चंद्रपूर-मूल रस्त्यावर जंगलातून चितळ अचानक समोर येतं, तेव्हाही प्रश्न काही फुटांचाच असतो.

फिटनेस सर्टिफिकेट असतं ना? असतं. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी घ्यावं लागतं, पुढे दरवर्षी. पण टाकीत पाणी रोज साचतं आणि लायनर रोज झिजतात. उभी गाडी तरी सुरक्षित म्हणावी, तर तसंही नाही. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. बसएवढ्या मोठ्या कॅराव्हॅन असोत की सीझनपुरत्या निघणाऱ्या सहलीच्या बस, महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या, की टाकीतलं पाणी आपलं काम शांतपणे करत राहतं.

आता आपल्यापुरतं बोलू. हेमलकशाला किंवा ताडोब्याला जायचं ठरलंय? निघण्याआधी ड्रायव्हरकाकांना विनंती करा. हवा पूर्ण भरू द्यायची, गाडी सपाट जागी ओटीवर लावून इंजिन बंद करायचं, पायडल एक मिनिट दाबून धरायचं आणि काटा पाहायचा. पाय दिल्यावर तो एकदा थोडा उतरतो, ते ठीक. त्यानंतर मात्र तो जवळपास जागेवर राहायला हवा. अमेरिकेत जड वाहनाच्या लायसन्ससाठी हीच परीक्षा घेतात. एकट्या गाडीचा दाब मिनिटाला ३ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण ०.२ बारपेक्षा, जास्त घसरला तर नापास. तोवर दोघांनी गाडीभोवती फिरून सूऽऽ आवाज येतो का, ते ऐकावं. गाणी अर्थातच बंद ठेवून! आलापल्लीच्या पुढे जंगलात गॅरेज शोधत बसण्यापेक्षा हे सोपं.

काका चिडतील? चांगला ड्रायव्हर सहसा चिडत नाही. उलट कुणीतरी विचारलं, म्हणून मालकाला ऐकवायला त्याला कारण मिळतं. गाडीची कुरबुर सर्वांत आधी त्यालाच कळते, पण दुरुस्तीला गाडी उभी करायचा निर्णय त्याच्या हातात नसतो.

आणि आपण कमी करून घेतलेले ते दोन हजार? मालक डिझेल कमी भरू शकत नाही, टोल चुकवू शकत नाही. कापता येतो तो देखभालीचा खर्च, नाहीतर दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार. भाव जरूर करा. पण आधी देखभालीचं विचारा, भाड्याचं नंतर. जो मालक या प्रश्नावर नुसता हसेल, त्याची बस कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.