तीस अक्षरांत काय सांगशील?

सीट मिळावी म्हणून मी मीरा रोडहून आधी उलटी भाईंदरला जाते आणि तिथून सुटणारी चर्चगेट लोकल पकडते. हसू नका, आमच्याकडे बरेच जण हेच करतात! परवा अशीच लेडीज डब्यात खिडकी पटकावून बसले होते. क्लिपा विकणारी मावशी आली. एका दमात म्हणाली, ''दाट केसांतही घट्ट बसते ताई, वीस रुपयाला दोन. तुटली तर उद्या ह्याच डब्यात आणून द्या.''

संपलं. दहा सेकंद! वस्तू कुणासाठी, काय करते, कितीला, आणि बिघडली तर कुणाला पकडायचं, सगळं आलं. समोरच्या तिघींनी पर्स उघडल्या. मी मात्र मनातल्या मनात वही उघडली. कारण हेच काम करायला मला ऑफिसात तीन दिवस, दोन मीटिंगा आणि असंख्य कटिंग लागतात.

तर मंडळी, मी सॉफ्टवेअरची वर्णनं लिहिते. मोबाइलवर ॲप शोधताना नावाखाली जो मजकूर दिसतो ना, तो. आई अजूनही शेजारी ''कम्प्युटरमध्ये आहे'' एवढंच सांगते. बरोबरच आहे. 'माझी मुलगी तीस अक्षरं लिहिते' असं कोण सांगणार?

तीस हा आकडा खरा आहे बरं का. गुगल प्लेवर ॲपच्या नावाला ३० अक्षरं, छोट्या वर्णनाला ८०, मोठ्या वर्णनाला ४,०००. ॲपलकडे नाव ३०, उपशीर्षक ३० आणि शोधशब्दांसाठी १०० अक्षरांचा वेगळा रकाना. जुलै २००८ मध्ये ॲपलचं दुकान उघडलं तेव्हा त्यात अवघी ५०० ॲप्स होती. तेव्हा नुसतं नाव पुरायचं. आज एका 'बिल' शब्दावर ॲप्सची रांग लागते आणि प्रत्येकाला वाटतं की आपणच पहिलं दिसावं.

मराठीत तर अजून धमाल. आपल्या लेखी 'स्त्री' हे एक अक्षर. मशीनच्या लेखी सहा! स, त, र, मधली दोन पायमोडी चिन्हं आणि वेलांटी, प्रत्येकाची वेगळी मोजणी. त्यामुळे 'ग्राहक' लिहू की 'गिऱ्हाईक' ह्यावर मी अर्धा तास घालवते आणि शेवटी 'बिल झटपट' वर गाडी थांबते.

फंडा तसा सिंपल आहे. चार हजार अक्षरं कुणीच वाचत नाही. पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात, बाकीचं 'आणखी वाचा'च्या मागे दडलेलं. म्हणून पहिल्या ओळीत कंपनीचं कौतुक नको, वाचणाऱ्याची अडचण हवी. इंजिनीअर मंडळी मला लिहून देतात, 'क्लाउड-आधारित सर्वसमावेशक इन्व्हॉइसिंग सोल्यूशन'. मी त्याचं करते, 'गिऱ्हाईक समोर उभं असतानाच बिल तयार. तिथूनच व्हॉट्सॲपवर पाठवा.' पहिल्यात सॉफ्टवेअर आहे, दुसऱ्यात दुकान आहे. पैसे दुकानदार देतो, म्हणून दुसरं चालतं. एकदम सही.

असं मी फार आत्मविश्वासाने सांगत फिरायचे. मग माझी ती ओळ आली.

बिलाच्याच एका ॲपचं काम होतं. कंपनीचं नाव सोडा. मी डेव्हलपरला विचारलं, ''नेट नसलं तर चालतं का?'' तो म्हणाला, ''चालतं की. जुनी बिलं उघडतात.'' आणि नवीन? ''त्याला नेट लागणारच.'' मी मान डोलावली, चहा प्यायले आणि लिहिलं, 'नेट गेलं तरी काम अडणार नाही.' काय सुंदर ओळ! छोटी, गोड, शिवाय ८० अक्षरांत आरामात बसणारी. बॉस खूश, मी खूश.

माझ्या मामाचा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे. तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटींमधून फिरलात तर पत्र्याचा ठणठणाट आणि पॉलिशची धूळ, दोन्ही घरापर्यंत सोबत येतात. मामाचा संसार बिलबुकावर चाललेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून तो हिशेबाला वैतागलेला. शेवटी त्याने मोबाइलवर शोधून शोधून एक ॲप घेतलं, वर्षाचे पैसे भरून. मला न विचारता. भाचीला कशाला त्रास!

जुलैचा पाऊस. भाईंदरला सकाळपासून लाइट नाही, नेट नाही. दुपारी मामाचा फोन.

''अगं, दारात टेम्पो उभा आहे. पातेल्यांचा माल भरून झालाय आणि हे बिल काढेना. नुसतं गोल गोल फिरतंय.''

''मामा, नेट नसेल.''

''नाहीच आहे. पण इथे लिहिलंय ना! थांब, वाचून दाखवतो.'' आणि त्याने चष्मा लावून, एकेक शब्द सावकाश उच्चारत वाचलं, ''नेट गेलं, तरी काम, अडणार नाही.''

मला काय बोलावं सुचेना. आपलं वाक्य टेम्पोच्या हॉर्नच्या पार्श्वसंगीतावर ऐकायला मिळणं हा सुखाचा अनुभव नाही, एवढंच सांगते. मी म्हटलं, ''मामा, ते मीच लिहिलंय.'' तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, ''तू लिहिलंयस? मग खरंच असेल. मीच काहीतरी चुकीचं दाबत असेन.''

ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बॉसकडे गेले. ''टेक्निकली बरोबर आहे गं,'' तो म्हणाला, ''जुनी बिलं बघणं हेही कामच.'' हे 'टेक्निकली' फार डेंजर असतं. लिहिणाऱ्याला त्याची ऊब असते आणि वाचणाऱ्याच्या दारात टेम्पो.

मीरा रोडच्या माणसाने तर हे जास्त जपायला हवं. ऑक्टोबर २०१६ आठवतो? ठाणे पोलिसांनी आमच्याकडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिथल्या लोकांना फोनवरून लुबाडलं जात होतं. शेकडो मुलामुलींना चौकशीसाठी नेलं, सत्तरेक जणांना अटक झाली. त्यांतले कितीतरी आपल्याच वयाचे, हातात दिलेली स्क्रिप्ट वाचणारे. ती उघड लूट होती. माझी ओळ म्हणजे तसला गुन्हा नव्हे, मला मान्य आहे. पण समोरचा दिसत नसला की शब्द किती सहज घसरतो, हे दोन्हीकडे सारखंच.

नियमही आता कडक झालेत. २०२१ मध्ये गुगलने जाहीर केलं की ॲपच्या नावात 'बेस्ट', 'नंबर वन', 'फ्री' असली बिरुदं चालणार नाहीत. आपल्या सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दिशाभूल करणारा दावा बारीक अक्षरातल्या खुलाशाने दुरुस्त होत नाही. म्हणजे वर 'अडणार नाही' आणि तळाशी फुली मारून 'अटी लागू' हा खेळ बंद. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर फसव्या मांडणीचे १३ प्रकार यादी करून मना केले. 'घाई करा, फक्त दोनच शिल्लक' असं खोटं सांगून दामटणं त्यातच येतं. सॉफ्टवेअरचे कसले दोन शिल्लक राहतायत, सांगा!

पण खरं सांगू? मला त्या दिवशी नियम आठवले नाहीत. मामाचं 'मग खरंच असेल' आठवत होतं.

मी ओळ बदलली. 'नेट नसताना जुनी बिलं दिसतात. नवीन बिलाला नेट लागतं.' बॉसने कपाळाला हात लावला. ''असं कोण लिहितं?'' मी म्हटलं, एक महिना ठेवून बघू. महिनाभरात डाउनलोड थोडे कमी झाले, खोटं कशाला बोलू. पण 'फसवलं' म्हणून एक तारा देऊन जाणारेही कमी झाले. सपोर्टवाल्या मुलीने मला वडापाव खिलवला. आणि एक गोष्ट अजिबात ठरवून झाली नाही. ती दुसरी ओळ पानावर रोज दिसायची, ती डेव्हलपरला टोचायला लागली. पुढच्या अपडेटमध्ये नेट नसताना बिल लिहून ठेवायची सोय त्याने स्वतःहून दिली. मग मी जुनीच ओळ परत लावली. ह्या वेळी आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून, स्वतः बिल करून बघितलं.

तेव्हापासून माझे नियम तीनच. जे लिहायचं ते आधी स्वतः वापरून बघायचं. जे होत नाही तेही सांगायचं, वर, ठळक. आणि पाठवण्याआधी वाक्य मोठ्याने वाचायचं, सावकाश, मामाच्या आवाजात.

लोकलमध्ये जवळपास प्रत्येकीच्या फोनवर एम-इंडिकेटर असतं. २०१० मध्ये सचिन टेके यांनी आणलेलं. त्याचं वर्णन तुमच्यापैकी कुणी वाचलंय? मीही नाही. कुणीतरी शेजारणीने सांगितलं आणि आपण घेतलं. नेट नसलं तरी गाड्यांचं टाइमटेबल त्यात उघडतं, हे आपण प्लॅटफॉर्मवर उभं राहून पाहिलंय.

मामा आता ॲपवर बिलं करतो. तरी गल्ल्याशेजारी बिलबुक असतंच. मी चिडवलं तर म्हणतो, ''तुझ्यावर विश्वास आहे गं. पण पाऊस आहे.''

आणि हो, ती क्लिप माझी चौथ्या दिवशी तुटली. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात मावशी होती. काही न विचारता नवी दिली. मी अजून दोन घेतल्या.