ऑफर लेटरआधीचं रक्त

हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरी पक्की झाली की बहुतेक ठिकाणी 'मेडिकल' असते. त्या रक्ताची एचआयव्ही चाचणी ही नोकरीची अट करता येत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा ते स्पष्ट सांगतो. पण त्याच नमुन्यातली जनुकं वाचून 'या उमेदवाराला संसर्गाचा धोका जास्त' असा शेरा कुणी मारला तर?

अशा शेऱ्यांचा पूर्वेतिहास फारसा बरा नाही. रक्तात जीसी नावाचं एक प्रथिन असतं. ते ड जीवनसत्त्व वाहून नेतं आणि त्याचे प्रकार आईबापांकडून येतात. १९८७ मध्ये लंडनच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की यातला '१एफ' प्रकार असलेल्यांना एड्सचा धोका अधिक, तर '२' प्रकार संरक्षण देतो. '१एफ' आफ्रिकी वंशाच्या लोकांत जास्त आढळतो. म्हणजे एका खंडाच्या आजाराचं खापर त्याच्याच रक्तावर फोडायची सोय झाली. इतर प्रयोगशाळांना मात्र हा संबंध सापडेना, आणि १९८८ मध्ये मूळ संशोधकांनीच आपली आकडेवारी चुकीची असल्याचं जाहीर केलं. हा प्रामाणिकपणा विज्ञानात दिसतो. एचआरच्या फायलीतला शेरा कोण मागे घेणार?

तरीही हा सगळा अभ्यासच मोडीत काढणं शहाणपणाचं नाही. पेशीत शिरायला विषाणू सीसीआर५ हे प्रथिन वापरतो. त्याच्या जनुकातला एक विशिष्ट तुकडा आई आणि बाप अशा दोन्ही बाजूंनी गहाळ असलेल्यांना सहसा संसर्ग होत नाही, हे १९९६ मध्ये कळलं आणि त्यातूनच २००७ मध्ये मॅराव्हिरॉक हे औषध आलं. एचएलए-बी५७०१ हा प्रकार असलेल्या रुग्णाला ॲबाकावीर जिवावर बेतू शकतं, म्हणून ते औषध देण्याआधीची जनुकचाचणी खरोखर जीव वाचवते. भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास भारतीयांनी केला नाही, तर औषधं युरोपीय रक्तावर बेतलेली येत राहतील. भोसरीत १९९२ पासून एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे; तिच्यासारख्या संस्थांना लोकांनी निर्धास्तपणे नमुने द्यायला हवेत.

निरोगी तरुणाने हौसेखातर अशी जनुकचाचणी करून घ्यावी का? आम्हाला त्यात अर्थ दिसत नाही. सीसीआर५चा तो दोष भारतात विरळा, आणि असला तरी विषाणूचे काही प्रकार दुसऱ्या वाटेने शिरतात. अहवाल काहीही येवो, कंडोम लागणारच.

खरी अडचण कायद्याची आहे. २०१७ चा कायदा एचआयव्हीसह जगणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना संरक्षण देतो. नुसत्या 'धोक्याच्या' जनुकांचा त्यात विचार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनुकीय भेदभावाला चाप लावला, पण तो विम्याच्या वादात. नोकरीपुरता आधार मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निकालात सापडतो: एचआयव्हीबाधित हंगामी कामगार काम करण्याइतका धडधाकट असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर केवळ त्या कारणावरून त्याला डावलता येत नाही. बाधित माणसाला लागू होणारी ही कसोटी केवळ शक्यता बाळगणाऱ्याला अधिकच लागू व्हावी. संसदेने तसा कायदा करेपर्यंत हिंजवडीतल्या कंपन्यांनी मेडिकलच्या संमतिपत्रावर प्रत्येक चाचणीचं नाव छापावं, आणि उरलेल्या रक्ताचं काय होणार तेही लिहावं.