कर्ण कोणाचा?



घाटकोपरला आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात शेवटची पंधरा मिनिटे शब्दकोडे असते. गेल्या खेपेस आडव्या शब्दांत एक होता : 'कुंतीचा ज्येष्ठ पुत्र', दोन घरे. मुले गप्प. पुराणकथा आपल्या घरांत कोण सांगतो? शेवटी नववीतली एक मुलगी म्हणाली, "काका, उभ्या शब्दातून 'र्ण' आलाय. मग कर्णच! कुंतीचं ठाऊक नाही, पण काटकोनासमोरची बाजू ती कर्ण."

तिला न्यायला आलेले वडील गवंडीकाम करतात. "भूमिती आपल्याला जमत नाही साहेब," ते दारातूनच म्हणाले. मी विचारले, "मग खोलीचा कोपरा काटकोनात आहे हे कसे पाहता?"

"त्यात काय! एका भिंतीला तीन फूट, दुसरीला चार फूट खूण करायची. तिरकी दोरी पाच फूट भरली की कोपरा गुण्यात."

मुलगी बघतच राहिली. तीनचा वर्ग ९, चारचा १६. बेरीज २५, म्हणजे पाचचा वर्ग. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास तो हाच, आणि बापाची तिरकी दोरी म्हणजे कर्ण!

आता तुम्ही सोडवा. जोडाक्षराला एकच घर.

१) महाभारताचे कर्ते, वर्तुळाची सर्वांत मोठी जीवा (२)
२) कृष्णाचा मामा, वर्तुळाचा तुकडा (२)
३) संक्रांतीला उडतो, चौकोनाचाही प्रकार (३)
४) चारही कोन काटकोन, बाजू सारख्या असण्याची सक्ती नाही (३)
५) घराला लागतो, त्रिकोणालाही असतो (२)

उत्तरे : १) व्यास २) कंस ३) पतंग ४) आयत ५) पाया.

गंमत म्हणजे आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' मध्ये छापून आले, तेच मुळी शंकरपाळ्याच्या आकारात होते!

सुट्टीत मुलांना अंधेरीच्या महाकाली लेण्यांत न्या. तिथल्या स्तूपाचा खालचा भाग वृत्तचिती, वरचा अर्धगोल. दोन्ही आकार दहावीच्या पुस्तकात आहेत.

आणि 'मला काय कळतंय' म्हणून मुलांच्या वहीपासून दूर बसू नका. ब्लाउज बेतणाऱ्या आईने, गुण्या धरणाऱ्या बापाने आपले काम त्यांना करून दाखवावे. त्याला पुस्तकात काय म्हणतात, ते मुले सांगतील.