ऋषीची भाजी आणि ओसाड परस

भाद्रपद शुद्ध पंचमीस आपल्याकडे ऋषिपंचमीचे व्रत होते. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ या सप्तर्षींची अरुंधतीसह पूजा करावयाची आणि बैलाच्या श्रमाने पिकलेले अन्न त्या दिवशी वर्ज्य मानावयाचे, असा या व्रताचा दंडक. विदर्भात या तिथीस आणखी एक माहात्म्य आहे. १९१० साली याच पंचमीस श्रीगजानन महाराजांनी शेगाव येथे समाधी घेतली. तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात हा दिवस घरोघरी भक्तिभावाने पाळला जावा, यात नवल नाही. नवल वाटते ते एवढेच की, व्रताच्या ताटातील भाजी हल्ली बहुतेक घरांत बाजारातून येते.

नांगराखालील जमिनीचे धान्य वर्ज्य केल्यावर खाण्यास उरते काय? कुदळीने खणलेल्या आळ्यातील दोडका, मांडवावरचे कोहळे, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला धोपा, कुंपणाकडेची अंबाडी आणि आपोआप उगवलेली रानभाजी. म्हणजे हा नियम मुळात परसाचा नियम आहे. ज्या घरी परस नाही, त्या घरी हे व्रत मनोभावे करताच येऊ नये, अशी त्याची रचना आहे. पाचच दिवस आधी आपण पोळ्यास बैलाची पूजा करतो आणि पंचमीस त्याचे कष्ट आपल्या ताटातून वगळतो. या दोन सणांची ही जोडी आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. वर्षातून एक दिवस तरी माणसाने केवळ स्वतःच्या हातांच्या कष्टाचे खावे, हा तिचा इत्यर्थ. शेतात ट्रॅक्टर आला, आता बैलाचे कष्ट कोठे राहिले, असा युक्तिवाद करून कोणी पळवाट काढील. पण त्याने स्वतःचे हात मातीत घातले असे होत नाही.

व्रताच्या कथेत स्त्रीच्या मासिक धर्माशी दोषाची कल्पना जोडलेली आहे. ती आम्हांस मान्य नाही. निसर्गधर्मास पाप मानण्याचे काहीच कारण नाही. परंतु कथेतील ते कारण बाजूस ठेवले तरी अन्नाचा नियम उणा होत नाही. उलट तो अधिक उजळ दिसतो.

आपला जिल्हा कापसाचा. पांढऱ्या सोन्याचे हे क्षेत्र वाढत वाढत अनेक गावांत घराच्या भिंतीस येऊन भिडले आणि त्याखाली परस गेले. पूर्वी कपाशीच्या शेतातही तुरीच्या, मुगाच्या ओळी असत, धुऱ्यावर अंबाडी आणि भेंडी असे. पावसाळ्यात तरोटा, घोळ, चिवळ या भाज्या विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. तणनाशकाच्या फवाऱ्याला तण आणि भाजी यांतला भेद कळत नाही. परिणामी ज्याच्याजवळ दहा एकर जमीन आहे, तोही आठवडी बाजारातून वांगी आणि सांबार विकत आणतो. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो. भाजीला पैसा रोज लागतो. हातात पैसा नसला की शेतकऱ्याच्या घरी सर्वांत आधी भाजी कमी होते, आणि ती बहुधा घरातील स्त्रीच्या ताटातून कमी होते. हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे, तो असा आहे.

विषाचा प्रश्नही आहेच. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ही आठवण ताजी असता, ताटातील भाजीवर काय फवारले आहे हे ठाऊक असण्याचा हक्क आपण सहज सोडून द्यावा काय? परसात मावा पडला तर राख पुरते. अधिक झाल्यास पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. याच यवतमाळचे श्री. सुभाष शर्मा यांनी रासायनिक शेती सोडून नैसर्गिक शेतीची वाट धरली आणि त्या कार्याबद्दल त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. शेतात जे साधते, ते अंगणात का साधू नये?

पाण्याचा आक्षेप आम्ही जाणतो. निळोणा आणि चापडोह ही धरणे आटल्यावर २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने काय भोगले, हे सांगावयास नको. परंतु मृगापासून दिवाळीपर्यंत आभाळच पाणी देते, आणि पुढे धुण्याभांड्याच्या पाण्यावर एक केळ, एक पपई, एक मुनगा आणि धोप्याचे आळे सुखाने जगते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून वाफे उंच करावेत, म्हणजे भाद्रपदाच्या झडीत मुळे कुजत नाहीत. ज्याला अंगण नाही त्याने जुन्या टोपल्यांत मेथी पेरावी. बियाणे शक्यतो देशी असावे. वेलीवरचा पहिला चांगला दोडका खाण्यास न तोडता बियाण्यासाठी वाळू द्यावा. संकरित बियाण्याच्या फळांतून हे साधत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. व्रत बाईने करावयाचे आणि परसही बाईनेच राबावयाचा, असे झाले तर तो एक नवा भार होईल. खड्डे खणणे, कुंपण घालणे, शेणखत वाहणे ही कामे घरातील पुरुषांनी करावीत. सप्तर्षी आश्रमात राहत; आश्रम म्हटला की त्यात सर्वांनीच राबणे आले.

पंचमीपाठोपाठ महालक्ष्म्या येतात आणि त्यांच्या नैवेद्यास सोळा भाज्या लागतात. यंदा त्या सोळांपैकी किती आपल्या परसातील आहेत, हे प्रत्येक घराने मोजावे. एकही नसेल तर खंत करीत बसू नये. पालक, मेथी, मुळा आणि सांबार पेरण्यास पुढील दिवस अनुकूलच आहेत. वेलींसाठी पुढील मृग आहे. देवीस मागावयाचे ते मागावे. पण पुढील वर्षी तिच्या पानावर निदान चार भाज्या तरी घरच्या असतील, एवढा शब्द तिला द्यावा आणि पाळावा.