उन्हाचे क्रीम आणि रोजचा हिशेब



मार्च लागला की आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ऊन तापू लागते आणि शाळेच्या शिक्षक खोलीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत एकच विचारणा कानावर येते, "बाजी, उन्हासाठी एखादे हलके, चिकट नसलेले आणि खिशाला परवडणारे क्रीम सांगा ना." म्हणून यंदा मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत तीन वेगवेगळी सनस्क्रीन आणून घरातल्या तिघींनी वापरून पाहिली. एक मी, रोज स्कूटीवरून शाळेत जाणारी. दुसरी कॉलेजात जाणारी माझी मुलगी, तिची त्वचा तेलकट आणि मुरुमांची. तिसरी माझी धाकटी जाऊ, तिच्या गालांवर वांग आहे. प्रत्येक ट्यूब दोन-दोन आठवडे वापरली. कंपन्यांची नावे येथे देत नाही. नावे दर वर्षी बदलतात, पण पारख एकदा कळली की कायम उपयोगी पडते.

ऊन कधी कडक?

सावलीचे माप आपल्याला नवीन नाही. असरच्या नमाजचा वक्त सावलीवरूनच ठरतो. दुपारची मूळ सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की शाफई मसलकात असर सुरू होते, आणि दुप्पट झाली की हनफी मसलकात. उन्हातल्या अतिनील किरणांसाठीही असेच सोपे माप आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी असेल, तोपर्यंत किरण तीव्र समजावेत.

नगर शहर साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. मेच्या त्या दिवसांत सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीन-पावणेचारपर्यंत आपली सावली आपल्यापेक्षा छोटीच असते. हनफी असरची अजान होईपर्यंत ऊन पुष्कळ सौम्य झालेले असते. डिसेंबरात थंडी वाजत असली तरी भर दुपारी सावली उंचीपेक्षा किंचित छोटीच राहते. म्हणजे हा प्रश्न फक्त उन्हाळ्याचा नाही. पावसाळ्यातले ढगही हे किरण पूर्ण अडवत नाहीत.

ट्यूबवर काय वाचावे?

एसपीएफ हा आकडा त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपासूनचे संरक्षण सांगतो. एसपीएफ 15 साधारण 93 टक्के, 30 साधारण 97 टक्के आणि 50 साधारण 98 टक्के यूव्हीबी किरण अडवते. 30 आणि 50 मध्ये एका टक्क्याचा फरक आहे, तेव्हा 70 किंवा 100 च्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही.

दुसरी खूण पीए आणि तिच्यापुढची अधिक चिन्हे. ही यूव्हीए किरणांसाठी असते. हे किरण खिडकीच्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात, त्वचा काळवंडवतात आणि अकाली सुरकुत्या आणतात. पीएपुढे किमान तीन अधिक चिन्हे पाहावीत, किंवा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' असे लिहिलेले पाहावे. त्याशिवाय उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत या तीन गोष्टी नसतील तर ती ट्यूब दुकानातच राहू द्यावी.

एसपीएफचा आकडा खरा की खोटा, हे घरी तपासता येत नाही. ते प्रयोगशाळेचे काम आहे. घरी तपासता येते ते एवढेच की, हे क्रीम आपण रोज आणि पुरेसे लावू शकू की नाही. माझ्या मते खरी परीक्षा तीच आहे. कारण प्रयोगशाळेत हा आकडा मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर 2 मिलिग्रॅम क्रीम लावलेले असते. आपण मात्र वाटाण्याएवढे घेऊन चेहरा, मान आणि उरले तर हातही उरकतो. मग ट्यूबवर 50 लिहिलेले असले तरी चेहऱ्याला त्यातले थोडेच मिळते.

चेहरा आणि मानेसाठी सोपे माप म्हणजे तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची एकेक रेघ. दोन बोटे मिळून साधारण 1 ग्रॅम होते. जे क्रीम दोन बोटे लावल्यावर तोंडावर सहन होते, तेच रोजच्या वापराचे.

तीन ट्यूब, तिघींचा अनुभव

पहिली ट्यूब झिंक ऑक्साइडचे गाढ क्रीम होते, 50 ग्रॅम, 280 रुपये. दोन बोटे लावल्यावर आमच्या सावळ्या चेहऱ्यांवर पीठ फासल्यासारखा पांढुरका थर दिसला. स्कार्फच्या कडेला पांढरे डाग पडले. मुलीने तिसऱ्या दिवशी माप निम्म्यावर आणले. डोळ्यांची आग मात्र तिघींपैकी कुणाचीही झाली नाही. ज्यांची त्वचा फार नाजूक आहे, त्यांना असे क्रीम मानवते.

दुसरी ट्यूब जेलची, 50 ग्रॅम, 349 रुपये. पाच मिनिटांत जिरले, पांढरेपणा नाही, स्कार्फला डाग नाहीत. मुलीला मुरुमांचा त्रास वाढल्याचे जाणवले नाही. घाम आल्यावर मला डोळ्यांत थोडे झोंबले. पापण्यांच्या अगदी जवळ न लावता आणि स्कूटीवर चष्मा घालून तेही थांबले.

तिसरे पातळ द्रव स्वरूपात, 30 ग्रॅमची बाटली, 260 रुपये. तिघींत सर्वांत हलके हेच, लावले आहे हेही जाणवत नव्हते. बाटली सर्वांत स्वस्त म्हणून जावेने पहिली पसंती तिलाच दिली. पण वहीत हिशेब मांडला तेव्हा चित्र वेगळे दिसले.

पहिल्या ट्यूबचा 1 ग्रॅम 5 रुपये 60 पैशांना पडतो, दुसऱ्याचा सुमारे 7 रुपयांना आणि 'स्वस्त' बाटलीचा 8 रुपये 67 पैशांना. रोज एकदा योग्य माप घेतले तर जेलचा खर्च महिन्याला 210 रुपये, दोनदा लावले तर 420. म्हणून दुकानात छापील किंमत पाहून थांबू नये. किमतीला ग्रॅमने भागावे, मग निर्णय घ्यावा. आमच्या घरात शेवटी जेल टिकले. ते सर्वांत स्वस्त नव्हते, पण पूर्ण मापाने रोज लावले गेले ते तेच.

वुजूचे काय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. फिकहचा सर्वसाधारण कायदा आपल्याला माहीत आहे. वुजूत धुवायच्या अवयवावर पाणी त्वचेपर्यंत पोहोचले पाहिजे. नेलपॉलिश, मेण किंवा रंग यांचा थर पाणी अडवतो, म्हणून तो काढावा लागतो. तेल किंवा मलम जिरून नुसता ओशटपणा राहिला तर वुजू होतो. जिरणारे हलके जेल याच प्रकारात मोडते. 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेले जाड क्रीम असेल, तर वुजूआधी चेहरा साबणाने धुवून घेणे उत्तम. मनात शंका राहत असेल तर ट्यूब घेऊन आपल्या भागातील आलिमांना दाखवावी. त्वचेवर क्रीम लावल्याने रोजा तुटत नाही, हेही अनेक जणी विचारतात म्हणून सांगून ठेवते.

बाहेर उन्हात असताना सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावायचे असते, आणि हे कुणाच्या लक्षात राहत नाही. आपल्याला जोहरची नमाज ही आठवण आपोआप देते. जोहरच्या वुजूने सकाळचे क्रीम बरेचसे निघून जाते. नमाज झाली की, पुढे उन्हात जायचे असेल तर पुन्हा दोन बोटे. असरनंतर सहसा गरज नाही.

उमराह किंवा हजला जाणाऱ्यांनी बिनसुगंधी सनस्क्रीन घ्यावे, कारण एहरामच्या हालतीत सुगंध चालत नाही. एहराममध्ये स्त्रियांनी नकाब बांधायचा नसतो आणि पुरुषांचे डोके उघडे असते, तेव्हा तेथे छत्रीही सोबत हवीच. छत्रीला मनाई नाही.

वांग आणि गोरेपणाची हाव

आता जावेची गोष्ट. वांग बहुधा गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे येते आणि उन्हाने गडद होते. सनस्क्रीनने वांग जात नाही, पण वाढणे रोखले जाते. सहा आठवड्यांत तिचे डाग पुसट झाले नाहीत, मात्र दर उन्हाळ्यात होत तसे गडदही झाले नाहीत. वांगावर साध्या प्रकाशाचाही परिणाम होतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अशा स्त्रियांना अधिक उपयोगी पडते.

त्याआधी दोन वर्षे ती कुणीतरी सुचवलेली एक ट्यूब लावत होती. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला, मग त्वचा पातळ आणि लाल झाली, उन्हात आग होऊ लागली. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला आहे. तरी ती हातोहात फिरतात. कुणी अशी ट्यूब बराच काळ वापरत असेल, तर ती अचानक बंद न करता आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

याहूनही घातक म्हणजे नाव-गाव नसलेल्या डब्यांतली गोरे करणारी क्रीम. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. क्रीममध्ये पाऱ्याचा अंश दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त असू नये, असा आपल्याकडचा नियम आहे. त्या क्रीममध्ये तो हजारो पटींनी होता. लग्न ठरलेल्या मुलींच्या आयांनी ही बातमी विसरू नये. हज्जतुल विदाच्या खुतब्यात गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व तकव्याने आहे, ही शिकवण रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी दिली. ती आपण जलशांत ऐकतो, पण स्थळ पाहायला गेल्यावर विसरतो. सनस्क्रीन लावायचे ते अल्लाहने दिलेली त्वचा जपण्यासाठी, रंग बदलण्यासाठी नाही.

सर्वांनी लावायलाच हवे का?

नाही. आधी सावली, मग कापड, मग क्रीम, हा क्रम ठेवावा. घट्ट विणीचे गडद कापड किरण चांगले अडवते, पातळ जॉर्जेटची ओढणी तेवढे अडवत नाही. कांदा काढणीला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या आपल्याकडच्या बाया साडीवर पुरुषी फुल बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला घट्ट फडके बांधतात. ती शहाणपणाची रीत आहे, तिला हसू नये. ज्या घरात महिन्याला 400 रुपये काढणे जड आहे, तिथे एक चांगली छत्री आणि सुती स्कार्फ वर्षभर काम देतात. क्रीम घ्यायचेच तर उन्हात जाणाऱ्यांसाठी आणि वांग असलेल्यांसाठी आधी घ्यावे. पूर्ण पर्दा करणाऱ्यांना फक्त डोळ्यांभोवतीचा भाग आणि हातांचे पंजे यांपुरतेच लागते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला सनस्क्रीन लावू नये, सावलीतच ठेवावे.

अंगभर कपडे आणि घरातला वावर यांमुळे आपल्या अनेक भगिनींमध्ये ड जीवनसत्त्व कमी आढळते. पाठ, गुडघे सतत दुखत असतील तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासावे. गच्चीवर आडोसा करून हात-पायांना काही मिनिटे ऊन देण्यास हरकत नाही, चेहरा झाकलेला असला तरी चालतो.

नवी ट्यूब आणली की पहिले दोन-तीन दिवस कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहावी. खाज किंवा पुरळ नसेल तरच चेहऱ्यावर लावावी. बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटे लावावी. उघडल्याची तारीख ट्यूबवर पेनने लिहावी. दोन बोटांच्या मापाने 50 ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावून 50 दिवसांत संपायला हवी. ती वर्षभर पुरत असेल, तर आपण सनस्क्रीन लावतच नाही असे समजा.

तुमच्या घरचा अनुभव संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. अल्लाह आपल्या सर्वांना सेहत आणि आफियत देवो. आमीन.