वातींचं खोकं

अमेरिकेत एडिसनला मावशीच्या देवघरात एक लाल खोकं आहे. चौकोनी, जेमतेम दोन बोटं जाड, पुठ्ठ्याचं. त्यावर पंख पसरलेला नारिंगी ड्रॅगन आणि आत फुलवाती. दर रविवारी मावशी कापूस घेऊन बसते, आठवड्याच्या वाती वळते आणि त्या खोक्यात ओळीने रचून ठेवते. एका कोपऱ्यावर तुपाचा डाग आहे. तिथला पुठ्ठा आता तेलकट कागदासारखा पारदर्शक झालाय.

हे खोकं 'पोकेमॉन रेड' या गेमचं. अमेरिकेत तो १९९८ साली आला आणि माझ्या मावसभावाला, बंड्याला, बाराव्या वाढदिवशी मिळाला. गेम त्याने गेम बॉयमध्ये घातला, खोकं त्याच्या आईने उचललं. चांगलं खोकं टाकायचं नाही, हा नियम मावशी सदाशिव पेठेतून सोबत घेऊन गेली होती.

गेल्या महिन्यात मावशीचं घर विकायला निघालं. तळघर आवरताना बंड्याला एका मोज्यात गुंडाळलेला गेम बॉय सापडला, त्यात लाल कॅसेट तशीच अडकवलेली. जुने गेम घेणाऱ्या जवळच्या दुकानात तो ती घेऊन गेला. दुकानदाराने कॅसेट दिव्याखाली तिरकी धरली. खऱ्या कॅसेटच्या लेबलवर कारखान्यात दाबून उठवलेला दोन आकडी नंबर असतो, तो तिरप्या उजेडातच दिसतो. नंबर दिसल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "खोकं आहे का?"

त्या रात्री बंड्याचा फोन आला. "मन्या, आईच्या वातींच्या खोक्याला भाव आहे रे!"

जुन्या गेमच्या व्यवहारात एकाच गेमचे तीन भाव चालतात. नुसती कॅसेट म्हणजे 'लूज'. खोकं, माहितीपुस्तिका आणि कॅसेट असा पूर्ण संच म्हणजे 'कंप्लीट'. आणि ज्यावरचं प्लॅस्टिक आजवर कुणी फाडलेलंच नाही तो 'सील्ड'. 'प्राइसचार्टिंग'सारख्या भावफलकांवर हे आकडे शेजारी शेजारी दिसतात आणि त्यांच्यातली दरी पाहून चक्रावायला होतं. कारण मात्र साधं आहे. निन्टेन्डोची खोकी पुठ्ठ्याची होती. पोरांनी ती वाढदिवसाच्या दिवशीच टराटरा फाडली. सेगाच्या जेनेसिसचे गेम सुरुवातीची बरीच वर्षं प्लॅस्टिकच्या डबीत मिळायचे, त्यामुळे त्या डब्या टिकल्या. म्हणून जेनेसिसचा डबीसकट गेम आजही तुलनेने सहज मिळतो, आणि निन्टेन्डोचं धड खोकं मिळालं की लोक खिशात हात घालतात.

जुन्या गेमना पैसे मिळतात हे संग्राहकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. १९९० साली निन्टेन्डोने अमेरिकेत गावोगाव स्पर्धा घेतल्या, त्यांच्या निमित्ताने वाटलेल्या करड्या कॅसेट अवघ्या ९० होत्या आणि सोनेरी २६. अशा वस्तूला मोठी किंमत येणारच. पण २०१९ पासून जे झालं ते वेगळं होतं. त्या फेब्रुवारीत 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची एक सील्ड प्रत १,००,१५० डॉलरला गेली. घेणाऱ्या तिघांत हेरिटेज या लिलावसंस्थेचे एक संस्थापक होते. जुलै २०२० मध्ये त्याच गेमची दुसरी प्रत १,१४,००० डॉलरला गेली. एप्रिल २०२१ मध्ये आणखी एक, ६,६०,०००. जुलैत 'लेजंड ऑफ झेल्डा' ८,७०,०००. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी 'सुपर मारिओ ६४' पंधरा लाख साठ हजार डॉलरला. तेव्हाच्या हिशेबाने साडेअकरा कोटी रुपयांच्या आसपास. महिन्याभरात 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या आणखी एका प्रतीने वीस लाख डॉलरचा आकडाही गाठला.

मारिओ ६४ ची बातमी आली तेव्हा जुने संग्राहक हबकले, कारण तो गेम दुर्मीळ नव्हताच. १९९६ पासून त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. मग एवढे पैसे कशाचे? वाटा नावाच्या कंपनीने त्या प्रतीला दहापैकी ९.८ गुण दिले होते आणि वरच्या प्लॅस्टिकलाही सर्वोच्च श्रेणी. म्हणजे मोल होतं ते खोक्याच्या कडा न चेपल्याचं, आणि पंचवीस वर्षांत एकाही मुलाने तो उघडला नाही या गोष्टीचं. झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण म्हणतो. इथे ती साडेअकरा कोटींची निघाली.

ऑगस्ट २०२१ मध्ये कार्ल जॉब्स्ट या यूट्यूबरने एक लांबलचक व्हिडिओ करून आरोप केला की गुण देणारे आणि लिलाव करणारे मिळून हा भाव फुगवत आहेत. वाटा आणि हेरिटेज या दोन्ही कंपन्यांनी तो साफ नाकारला. पुढच्या वर्षी वाटावर ग्राहकांच्या वतीने दावाही दाखल झाला. त्या वादात खरं-खोटं करायला मी बसलेलो नाही. पण बाजाराचं एक साधं गणित त्या गर्दीत विसरलं गेलं होतं. सील्ड गेमला कोटी मिळतात हे कळल्यावर माळ्यावर, गोदामात, जुन्या दुकानांच्या मागच्या खोलीत पडलेल्या प्रती बाहेर येऊ लागतात आणि गुण घेण्यासाठी रांगेत उभ्या राहतात. काल जगात पाचच आहेत असं ज्यांच्याबद्दल सांगत होते, त्या उद्या पंचवीस होतात. २०२२ पासून पारा उतरला. चढ्या भावाने घेणाऱ्या कित्येकांच्या हातात चकचकीत अ‍ॅक्रिलिकची पेटी राहिली आणि पैसे गेले.

मला त्यांच्यापेक्षा वाईट वाटलं ते साध्या खेळणाऱ्यांचं. करोनाच्या टाळेबंदीत लोक घरात बसले, लहानपणीचे गेम आठवले, आणि लिलावांच्या बातम्या रोज कानावर पडत होत्या. त्या लाटेत लूज कॅसेटही महागल्या. चाळिशीच्या माणसाला आज परवडतं, बाराव्या वर्षी परवडत नव्हतं, तेव्हा तो घेणारच. हौसेला मोल नसतं. पण ज्या पोराला आज पहिल्यांदा हा गेम खेळून बघायचाय, त्याच्या हातातून ती कॅसेट निसटली. दुसऱ्या वाटेने जावं म्हटलं तर ती वाटही अरुंद. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा अधिकृतपणे विकतच मिळत नव्हते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. म्हणजे जुना गेम रीतसर खेळायचा तर बहुतेक वेळा जुनी कॅसेटच शोधावी लागते, आणि ती कॅसेट हळूहळू दागिना बनत चालली आहे.

एवढं सगळं असूनही भाव ही वाईटच गोष्ट आहे असं मला म्हणवत नाही. कारण भाव नसला की काय होतं ते मी आमच्या घरात पाहिलंय.

बाबांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक यंत्र आणलं होतं. निन्टेन्डोची नक्कल. मूळ यंत्र जपानात १९८३ साली फॅमिकॉम म्हणून आलं, आणि त्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'लिटल मास्टर' आणि 'टर्मिनेटर' अशा नावांनी घरोघरी पोचल्या. सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं. त्यातले मोजके गेम खरे, बाकी त्यांचीच नावं पुन्हा पुन्हा. आम्ही मूळ नावं कधी घेतली नाहीत. टँकवाला, बदकवाला, बर्फवाला. गेम लागला नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. आणि कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये रुपया टाकून जो खेळायचो त्याला सगळी पोरं 'मुस्तफा' म्हणायची. तो कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' होता हे मला फार उशिरा कळलं. अर्ध्या भारताने एका गेमचं त्यातल्या एका पात्रावरून बारसं केलं, ही गोष्ट कुठल्या भावफलकावर येणार?

आमचं ते यंत्र जुन्या मिक्सरबरोबर भंगारवाल्याकडे गेलं. तो वजनावर पैसे देतो, त्याने दिले. आई म्हणाली, "काय करायचं होतं ठेवून?" तिचं चुकलं नाही. त्याला भाव नव्हता. बाजाराने ज्याला किंमत लावली नाही ते कुणी मोज्यात गुंडाळून ठेवत नाही. ती यंत्रं, त्यांच्या चुकीच्या इंग्रजीतल्या कॅसेट, त्यांच्यावरची चित्रं, असं लाखो घरांतलं बालपण किलोवर गेलं. आज मला ती पिवळी कॅसेट हवी असेल तर ती मिळेल कुठे, आणि मिळाली तरी ती 'आमच्यासारखीच' आहे हे ओळखायचं कशावरून, कारण तिची नोंदच कुणी ठेवलेली नाही.

अमेरिकेत भंगाराचंही उलटं झालं. १९८३ साली अटारीने न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावी कचराभूमीत पुरल्या, त्यात 'ई.टी.' हा कुप्रसिद्ध गेमही होता. २०१४ मध्ये ती जागा खणली. तेराशेच्या आसपास कॅसेट मातीतून काढल्या आणि गावाने त्यातल्या शेकडो लिलावात विकून लाखाहून जास्त डॉलर कमावले. चेपलेल्या, कुजक्या वासाच्या, बहुतेक न चालणाऱ्या. ज्या गेमला कुणी हात लावत नव्हतं तो गोष्टीसाठी विकला गेला. आपल्या यंत्रांची गोष्ट अजून कुणी नीट सांगितलेली नाही. सांगितली तर खणायला लोक निघतील असा माझा भरवसा आहे. ज्यांच्या माळ्यावर अजून एखादं असेल त्यांनी ते तेवढ्यापुरतं तरी खाली उतरवावं, पुसावं, आणि भंगारवाल्याला आणखी एकदा नाही म्हणावं.

तर बंड्याची कॅसेट. दुकानदाराने त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. या कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी असते. आपण कुठवर खेळलो ते ज्या चिपमध्ये राहतं तिला सतत थोडी वीज लागते आणि ती ही बॅटरी पुरवते. बॅटरी संपली की खेळ पुसला. ती डाखलेली असते, उघडून नवी बसवता येते, पण बदलताना वीज तुटली की आतलं सगळं जातं. "विकायची तर बदलून घेऊ," दुकानदार म्हणाला. "आत काय आहे ते तुम्हाला नकोच असेल ना?"

बंड्या कॅसेट परत घेऊन घरी आला.

१९९९ च्या पावसाळ्यात तो पुण्याला आला होता. त्याला उन्हाळ्याची सुट्टी आणि माझी शाळा सुरू. गेम बॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. आमच्या घरात ढगाळ दुपारी काही दिसायचं नाही, म्हणून तो खिडकीच्या कठड्यावर बसून खेळायचा, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली. गेमच्या सुरुवातीला आपलं नाव विचारतात आणि आपल्या प्रतिस्पर्ध्याचंही. त्याने पहिल्याला 'बंड्या' घातलं, दुसऱ्याला 'मन्या'. मी शाळेतून आलो की दारातच सांगायचा, "आज पण तू जिंकलास." शेवटच्या लढतीत समोर प्रतिस्पर्धीच असतो, आणि बंड्या ती सारखी हरत होता. ऑगस्टअखेर तो परत गेला, शाळा सुरू झाली, आणि गेम मोज्यात गेला.

परवा त्याच्याकडे शनिवारची संध्याकाळ होती, माझ्याकडे रविवारची पहाट. व्हिडिओ कॉलवर त्याने नवे पेन्सिल सेल घातले आणि बटण सरकवलं. निन्टेन्डोचा शिक्का खाली उतरला, टिंग झालं. मी श्वास रोखून बसलो होतो. नंतर चौकट उघडली. बंड्या. आठ बॅज. एकावन्न तास. बॅटरी जिवंत होती. सव्वीस वर्षं मोज्यात.

"आता कॅसेट वाचायचं छोटं यंत्र मिळतं," तो म्हणाला. "हा खेळ आधी संगणकावर उतरवून घेतो. मग बॅटरी बदलतो, मग परत आत घालतो. मागवलंय." विकण्याचा विषय निघाला नाही.

मागून मावशीचा आवाज आला, "ते खोकं नेणार आहेस का रे? वाती कशात ठेवू मग मी?"

"नाही नेत गं. राहू दे."

त्याने शेवटच्या दाराशी खेळ सेव्ह केलेला होता. तो आत शिरला. पडद्यावर माझं नाव उमटलं आणि मी पहिला पक्षी सोडला, पिजॉट. बंड्याच्या हातात चॅरिझार्ड, म्हणजे आगीचा ड्रॅगन, खोक्यावरचाच.

"मन्या, तुझं कासव शेवटी येतं, आठवतंय ना?"

"आठवतंय," मी म्हटलं.

"या वेळी मी पाण्याची तयारी केलीय," तो म्हणाला, आणि बटण दाबलं.